बाटल्यांवरचे मासे

मानकोलीची गुणाबाई हसायला लागली की खाडीपलीकडे ऐकू जातं, असं तिचा नवरा नवशा म्हणायचा. त्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. धामणकर नाक्याजवळच्या ज्या दवाखान्यात ती आया म्हणून कामाला होती, त्याच्या तिन्ही अंगांना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने होते. दिवसभर खडखडाट. दोन माणसांना बोलायचं तर एकानं दुसऱ्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. त्या खडखडाटाच्या वर जाणारे आवाज गल्लीत दोनच होते. एक ट्रकच्या हॉर्नचा आणि दुसरा गुणाबाईचा.

डॉक्टर पडघेकरांनी तिला कामावर घेतलं तेही या आवाजासाठीच. बाहेरच्या बाकड्यांवर बसलेल्या पेशंटांना नावानं हाक मारायला माणूस हवं होतं, आणि आधीच्या बाईंची हाक लूमच्या आवाजात बुडून जायची. गुणाबाई कामाला आली ती नवशाच्या शेतात दोन वर्षं खारं पाणी घुसलं म्हणून. आली तेव्हा तिला इंजेक्शनची सुई बघून घेरी यायची. पुढे तीच आया रडणाऱ्या पोरांना धरून बसायला लागली. लूमवर काम करणाऱ्या भय्यांच्या बायका पोरं घेऊन आल्या की ती त्यांच्याशी स्वतःच्या हिंदीत बोलायची, "ए भाभी, बच्चे को इधर लाव. रडने दो, रडने से छाती मोकळी होती है." त्या बायकांना ते सगळं कळायचं. न कळेल ते हातवाऱ्यांनी कळायचं.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या श्रावण-भाद्रपदातली.

त्या वर्षी गुणाबाईच्या मनात एकच विषय होता, तो म्हणजे कमळचा ओवसा. कमळ तिची एकुलती लेक. वैशाखात तिचं लग्न खारबावच्या हिरामणशी झालं होतं. लग्नानंतर येणाऱ्या पहिल्या गौरीला नव्या सुनेनं सुपं भरून गौरीपुढे ओवाळायची, हा ओवसा. सुपं सासरच्या गौरीपुढे ओवाळायची, पण ती यायची मात्र माहेराहून, आईच्या डोक्यावरून. त्यात काकड्या, पानसुपारी, फळं, नारळ, रानातला पाला. गुणाबाईनं आषाढातच सुपं विणून घेतली होती. ती घरात आढ्याला टांगलेली होती आणि येता-जाता ती त्यांच्याकडे बघायची.

"बघून बघून सुपं पिकणार हायत काय?" नवशा म्हणायचा.

"तुमच्या आयशीनं माझ्या ओवशाला सुपं मोजली व्हती. कमळची कोणी मोजायला नको."

आणि नेमका श्रावण संपता संपता मानकोलीत ताप आला. त्या साली भाद्रपद अधिक होता, म्हणून गौरीला अजून महिनाभर अवकाश होता.

आधी ठकुबाईचा रघू पडला. ठकुबाई म्हणजे गुणाबाईची शेजारीण, मधे फक्त एक कुंपण. रघूला ताप, ओकाऱ्या, डोकं फुटतंय म्हणून रडणं. डोळ्यांना उजेड सोसवेना. ठकुबाईनं त्याला मांडीवर घ्यायला वाकवला तर त्याची मान पुढे येईचना. मग त्याच आळीतली आणखी पोरं पडली. गुणाबाईनं रघूला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला उताणं निजवून मान उचलून बघितली आणि लगेच ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढलं. ते पाणी निवळशंख निघालं, आणि चार दिवसांनी रघूला घरी पाठवलं.

"हे चांगलं लक्षण आहे," डॉक्टर पडघेकर तिला म्हणाले. "मेंदूभोवती एक पातळ आवरण असतं. ते सुजलंय. जंतूंमुळे सुजलं असतं तर पाणी गढूळ आलं असतं आणि मग जिवावरचं असतं. पाणी स्वच्छ म्हणजे बहुतेक विषाणू आहे. पोरं आपोआप बरी होतील."

"कंचा विषाणू?"

"तेच तर शोधायचं. गालगुंडाचा असतो, पण यांचे गाल सुजलेले नाहीत. जास्त करून असतात ते आतड्यात राहणारे. तिथून रक्तात, रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत."

गुणाबाईनं विचार केला. "म्हंजे चोर पोटात बसलाय नि बोंब डोक्यात मारतोय?"

"अगदी. म्हणून चोर पकडायचा तर पोटातून बाहेर काय येतं ते बघायला हवं. मुंबईची प्रयोगशाळा असे नमुने मागते. कुठल्या गावात कुठला विषाणू फिरतोय, यंदाचा गेल्या वर्षीचाच आहे की नवा, यावर ते लक्ष ठेवतात. मला पोरांची शी हवी आहे, गुणाबाई. आजारी पोरांची आणि त्याच आळीतल्या धडधाकट पोरांचीही."

"धडधाकटांची कशाला?"

"आजाऱ्यांत आहे आणि बाकीच्यांत फारसा नाही असं दिसलं, तरच तोच चोर म्हणता येईल ना?"

गुणाबाई इतकी हसली की बाहेरचे पेशंट आत डोकावले. आयुष्यात तिच्याकडे लोकांनी बरंच काही मागितलं होतं, पण हे कोणी मागितलं नव्हतं.

हसू फार टिकलं नाही. त्याच दुपारी तिचा जावई हिरामण दवाखान्याच्या दाराशी उभा राहिला. टोपी हातात, नजर जमिनीकडे.

"काय वो, आत या की," ती म्हणाली.

"मामी, आई सांगते..." आणि तो थांबला.

"सांगा. तुमच्या आईला मी वळखतंय."

"आई सांगते, यंदा सुपं नको. मानकोलीचं काहीच नको. आमच्या दादाचा पोरगा तान्हा हाय ना. आमच्या आत्याच्या पोराचा तापातच पाय गेला, मान धरली व्हती त्याची बी. पोलिओ म्हणाले. आई तेच धरून बसलीय."

गुणाबाईनं त्याला पाणी दिलं. त्याची आई, धोंडूबाई, तिला मनातून आवडत नव्हती, पण या वेळी ती चुकत होती असंही म्हणवेना. आत्याचा तो पोरगा तिनं लग्नात पाहिला होता. एक पाय ओढत वरातीपुढे नाचत होता, आणि सगळ्यांत जास्त तोच नाचत होता.

"आणि पोलिओ न्हाय असं कळलं तर?"

"तर या म्हणाली. पण कळलं पायजे. अंदाज नको म्हणाली."

गुणाबाई डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "पोलिओचा विषाणूही आतड्यातलाच. त्याच घराण्यातला. मला पोलिओ वाटत नाही, एकाही पोराचा पाय लुळा पडलेला नाही. पण तुझ्या विहीणबाईंना अंदाज नको आहे ना? मग मुंबईलाच विचारायला हवं."

पहिला ओवसा राहिला की राहिलाच. तो पुढच्या वर्षी करता येत नाही असं नाही, पण सासरच्या बायका आयुष्यभर बोलतात, की हिचा ओवसा आयशीविना झाला. गुणाबाईनं त्याच संध्याकाळी रिकाम्या बाटल्यांची पिशवी काखोटीला मारली आणि आळीत घरोघर गेली. प्रत्येक बाटलीवर डॉक्टरांनी पोराच्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती.

तिला वाटलं होतं, बायका ओरडतील, हाकलून देतील. पण एकही बाई काही बोलली नाही. "ठेव, सकाळी देतंय," एवढंच. सकाळी सगळ्या बाटल्या भरून तयार. गुणाबाईला आपल्या शब्दाला आळीत एवढं वजन आहे हे पहिल्यांदाच कळलं. तिनं मासळीबाजारातून बर्फ आणला, डब्यात बाटल्या रचल्या, वर भाताचं तूस घातलं आणि डॉक्टरांनी तो डबा जीपनं मुंबईला पाठवला.

काही दिवसांनी मुंबईहून फोन आला. डॉक्टरांचा चेहरा फोनवरच बदलत गेला. फोन ठेवून ते खुर्चीत मागे टेकले.

"गुणाबाई, आजारी पोरांत काहीच नाही."

"आनि धडधाकटांत?"

"धडधाकटांत विषाणू आहे. जवळजवळ सगळ्यांत."

"म्हंजे आजारी हायत ते बरे, नि बरे हायत ते आजारी?"

"आणि एक बाटली आहे, रघूच्या नावाची," डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "प्रयोगशाळेतल्या बाई विचारत होत्या, तुमच्याकडची मुलं गवत खातात का?"

गुणाबाईनं पदर खोचला.   "मी जाऊन येतंय," ती म्हणाली.

ठकुबाईच्या अंगणात ठकुबाई सुपारी कातरत बसली होती. ओट्यावर आक्का बसली होती. आक्का म्हणजे आळीतली सगळ्यांत थोरली बाई. गुणाबाईच्या लग्नातही ती म्हातारीच होती. रघू आता बरा होत आला होता आणि पातळ पेज पीत होता. मागे गोठ्यात ठकुबाईचं नवं वासरू आईला ढुशा देत होतं.

गुणाबाई वासराकडे गेली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिथूनच ओरडली, "ठकू, ह्याचं नाव रघू ठेवलास काय गो?"

ठकुबाईच्या हातातला अडकित्ता थांबला. आक्कानं वर पाहिलं.

"काय झालं?" ठकुबाई म्हणाली, पण तिचा चेहरा आधीच सांगत होता.

"मुंबईच्या बाईनं इचारलंय, तुमच्या गावची पोरं गवत खातात काय. मी काय सांगू? व्हय, दोन येळेला खातात, नि उरलं तर दावणीला बांधतो?"

ठकुबाई हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. आक्कानं मात्र हात वर केला.

"तिला बोलू नको. मी सांगितलं तसं केलं सगळ्यांनी."

"काय सांगितलंस, आक्का?"

आक्कानं सावकाश सांगितलं. नख असो, केस असो, पोराच्या अंगातून गेलेलं काहीही असो, ते परक्याच्या हाती नावासकट द्यायचं नाही. नाव आणि वस्तू एकत्र गेली की करणी करणाऱ्याला आणखी काय पाहिजे? पण गुणा दारात आली, तिला नाही म्हणवेना. गुणा आपली. मग आक्कानंच युक्ती सांगितली. नाव आपल्या पोराचं, वस्तू शेजारच्या पोराची. आजाऱ्याला तर आधीच नजर लागलेली, म्हणून त्याची वस्तू धडधाकटाच्या नावे द्यायची आणि धडधाकटाची आजाऱ्याच्या.

"नाव एकाचं, वस्तू दुसऱ्याची," आक्का म्हणाली. "मंग करणी लागनार कोणाला? ती बिचारी वाटेतच घुटमळत ऱ्हायल."

"आनि ठकू?"

"माझ्या वाट्याला सीताबाईचा पोऱ्या व्हता," ठकुबाई म्हणाली, "पन तो त्या दिवशी मामाकडं गेला गो. तू बाटली मागायला आलीस सकाळी सकाळी. मी काय करनार? वासरू समोर व्हतं."

गुणाबाईला राग आला होता. खरोखर आला होता. पण वासरू समोर होतं हे वाक्य तिच्या पोटात कुठेतरी गेलं आणि तिथून हसू वर यायला लागलं. ती खाली बसली आणि हसत सुटली. ठकुबाईही हसायला लागली, मग रघू पेज ठेवून हसायला लागला, कशाला ते त्याला माहीत नव्हतं. कुंपणावरून दोघी-तिघी बायका डोकावल्या आणि आत आल्या.

हसू ओसरल्यावर गुणाबाईनं डोळे पुसले. काही पुसणं हसण्याचं होतं, काही नव्हतं.

"बायांनो," ती म्हणाली, "मुंबईला खरं कळलं न्हाय तर माझी सुपं आढ्यालाच ऱ्हातील. धोंडूबाई सांगते, पोलिओ हाय. कमळचा ओवसा माझ्याशिवाय व्हनार."

आता कोणीच हसलं नाही. ती सुपं आळीची होती. एकीनं काकड्या द्यायच्या कबूल केल्या होत्या, एकीनं सुपारी. ठकुबाई त्याच सुपाऱ्या कातरत होती.

"मंग बिननावाची ने," एक बाई म्हणाली.

"डाक्तरला कळाय नको कोण आजारी नि कोण बरं?"

तेवढ्यात नवशा खाजणातून आला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर पागाचं जाळं, हातात टोपली. बायका जमलेल्या बघून तो बिचकला. त्यानं टोपली ओट्यावर ठेवली आणि हात धुवायला मागे गेला. टोपलीत निवट्या, म्हणजे चिखलातले लहान मासे, उड्या मारत होत्या, वर एक चिंबोरी, खाडीतला खेकडा, नांग्या वर करून सगळ्यांना धमकावत होती.

गुणाबाई टोपलीकडे बघत राहिली.

"ठकू," ती हळूच म्हणाली, "तुझा पोऱ्या आजपासून चिंबोरी."

"काय?"

"नाव न्हाय लिवायचं. मासा लिवायचा. जे आजारी त्यांना कवचाचं नाव. चिंबोरी, कोळंबी, कालव. आजाऱ्याला कवच पायजेच. नि जे बरे हायत त्यांना खवल्यांचं, कल्ल्यांचं. निवटी, बोईट, खरबी. डाक्तरला एवढंच कळंल, कवचवाला आजारी, बाकी बरं. कोण कोणाचं ते आपल्यात."

सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं. आक्का बराच वेळ तोंडातलं पान चघळत राहिली.

"चिंबोरीला करणी केली कोणी," ती शेवटी म्हणाली, "तर करो बापडा. चिंबोरी त्याला सोडायची न्हाय."

मग जे सुरू झालं ते बाजारात होतं तसंच. "माझ्या पोराला खरबी नको, खरबी काळी असते." "माझा पापलेट!" "पापलेट आपल्या खाडीत येतं कवा? मुंबईवाले हसतील." "सीताबाईच्या पोऱ्याला निवटी द्या, तो तसाच चिखलात लोळतो." सीताबाईला ते पटलं, कारण ते खरंच होतं. नवशा हात पुसत आला आणि विचारू लागला की माझ्या टोपलीचा लिलाव कोण करतंय. त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

या वेळी बाटल्या गुणाबाईनं स्वतः मुंबईला नेल्या. डॉक्टर म्हणाले, "तुझ्या माशांची ओळख तूच करून दे." जीपमध्ये डबा मांडीवर घेऊन ती बसली होती. ठाण्याच्या पुढे ती आयुष्यात दुसऱ्यांदाच जात होती.

प्रयोगशाळेतल्या बाई पांढऱ्या डगल्यात होत्या, वयानं कमळपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी एक एक बाटली उचलून चिठ्ठी वाचली. चिंबोरी. कोळंबी. कालव. त्यांचे ओठ थरथरायला लागले. निवटीपाशी त्यांना राहवलं नाही. त्या हसल्या तशी गुणाबाईही हसली, आणि शेजारच्या खोलीतून कोणी तरी येऊन विचारलं की काय पडलं.

गुणाबाईनं सगळं सांगितलं. करणी, वासरू, कवच. बाईंनी ते मन लावून ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "या, तुमचे मासे कुठे जाणार ते दाखवते."

काचेच्या नळीच्या एका अंगाला काही तरी चिकटलेलं होतं, पण नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं. बाईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गुणाबाईनं एक डोळा मिटून आत बघितलं आणि दचकली. आत शेत होतं. लावणी नुकतीच उरकलेलं, रोपाला रोप लागलेलं, कुठे फट नाही असं शेत.

"या जिवंत पेशी आहेत. माकडाच्या मूत्रपिंडातल्या. काचेवर वाढवलेल्या," बाई म्हणाल्या. "आता ही बघा. हिच्यात पहिल्या खेपेच्या एका नमुन्यातला थेंब टाकला होता."

दुसऱ्या नळीतल्या शेतात भगदाडं पडली होती. रोपं आक्रसून गोल झालेली, मधेमधे नुसती काच.

"अगो बाय," गुणाबाई म्हणाली, "खेकडं शिरल्यासारखं झालंय."

"तसंच आहे ते. विषाणू असला की पेशी मारतो. मग कुठला खेकडा ते ओळखायचं. आमच्याकडे वेगवेगळी रक्तद्रवं असतात. एक पोलिओच्या विषाणूला थोपवतं, एक दुसऱ्याला, एक तिसऱ्याला. ज्या द्रवामुळे शेत वाचलं, त्यावरून चोराचं नाव कळतं."

"लवकर कळंल काय? गौरीच्या आधी?"

बाईंनी नळी परत जागेवर ठेवली. "पेशींना गौर माहीत नसते हो. पण मी रोज बघेन."

परत येताना गुणाबाईच्या मांडीवरचा डबा रिकामा होता. खाडीच्या पुलावर तिला वाटलं, आता काही आपल्या हातात नाही. असं वाटलं की तिला सहसा भीती वाटायची. त्या दिवशी नाही वाटली.

गणपती आले. दवाखान्यात ती फोनच्या खोलीपाशी झाडू मारायची, दिवसातून इतक्या वेळा की तिथली फरशी इतर फरशीपेक्षा पांढरी दिसायला लागली. गौरी यायच्या दिवशी आळीतल्या बायका गौर म्हणून तेरड्याची रोपं घेऊन गाणी म्हणत घरी आल्या, आणि गुणाबाई त्यांच्यात नव्हती. ती दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होती. डॉक्टरांनी तिला दोनदा घरी जा म्हणून सांगितलं. तिनं दोनदा ऐकलं नाही.

दुपार कलली आणि फोन वाजला. डॉक्टरांनी घेतला. बाहेर लूम चालू होते, त्यामुळे त्यांनाही ओरडावं लागलं.

"काय? चिंबोरी? हो! कोळंबीतही? कालव?" ते हातानं गुणाबाईला गप्प राहायची खूण करत होते, पण ती गप्पच होती. "मासे? फक्त निवटी? बरं. आणि पोलिओ?"

बाहेरचे सगळे पेशंट उठून दाराशी आले होते. चिंबोरी आणि पोलिओ यांचा काय संबंध हे कोणाला कळत नव्हतं, पण काही तरी मोठं घडतंय हे कळत होतं.

डॉक्टरांनी फोन ठेवला. "पोलिओ नाही."

गुणाबाई खाली बसली.

"सगळ्या कवचवाल्यांत एकच विषाणू. एको म्हणतात त्या घराण्यातला. माशांत फक्त निवटीत."

"निवटीला तर कायबी झालं न्हाय. चिखलात लोळतोय तो अजून."

"असं होतं. शंभर जणांच्या पोटात तो जातो, त्यातल्या थोड्यांनाच मान धरते. बाकीचे नुसते फिरवतात. आणि बघ, ते वासरू मधे नसतं तर अदलाबदल कळलीच नसती, आणि आजाऱ्यांत काहीच नाही असं समजून वेगळंच काही शोधत बसलो असतो." डॉक्टर हसले. ते हसताना आवाज होत नसे, फक्त खांदे हलत. "या विषाणूला नाव कसं पडलं माहीत आहे? पहिल्यांदा सापडला तेव्हा याचा आजार कुठला तेच कोणाला कळेना. म्हणून त्याला पोरका म्हणाले. त्या इंग्रजी नावातलं शेवटचं अक्षर पोरक्याचं आहे."

"पोरका!" गुणाबाई म्हणाली. "तरीच दुसऱ्यांच्या पोरांत येऊन ऱ्हातो, मेला."

मग डॉक्टरांनी तिला समोर बसवून बजावलं. तान्ह्या पोराला सांभाळायचंच. विषाणू पोरांच्या शीतून अजून काही आठवडे जात राहील. त्यामुळे साबणानं हात धुतल्याशिवाय कोणी तान्ह्याला हात लावायचा नाही. आळीतल्या पोरांना खारबावला न्यायचं नाही. सुपातली काकडी-फळं उकळलेल्या पाण्यानं धुवायची. "आणि विहीणबाईंना सांग, अंदाज नाही. मुंबईनं सांगितलंय. हवं तर मला फोन करा म्हणावं." शेवटी त्यांनी दवाखान्यातल्या कपाटातून साबणाची नवी वडी काढून तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवशानं आढ्यावरून सुपं उतरवली. आळी लोटली. आक्कानं काकड्या उकळत्या पाण्यात बुडवायला निघालेल्या ठकुबाईला थांबवलं, "शिजवू नको गो, धू!" रघूनं जायचा हट्ट धरला. त्याला सांगितलं, चिंबोरीनं पाण्याबाहेर जायचं नसतं. ते त्याला पटलं नाही, पण वासरू सांभाळायचं काम मिळालं.

खारबावच्या घराच्या दारात धोंडूबाई उभी होती. उंच, काटक, नाकात मोठी नथ. तिच्या मागे कमळ, पुढे यायला उतावीळ, पण सासूच्या आड.

"थांबा, विहीणबाई," धोंडूबाई म्हणाली. "पोलिओ न्हाय?"

"न्हाय."

"कोण सांगतं?"

"मुंबई सांगते. पोरका हाय."

"कोण पोरका?"

मग डोक्यावर सुपं घेऊनच गुणाबाईनं अंगणात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाटल्या, आक्काची युक्ती, वासरू. वासराशी येईपर्यंत धोंडूबाईचा चेहरा दगडासारखा होता. वासराशी आल्यावर नथ हलायला लागली. मुंबईच्या बाईंनी गवताबद्दल विचारलं तिथे धोंडूबाईनं दाराच्या चौकटीला हात टेकला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. गुणाबाईनं तिला आजवर हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसताना ती बरीचशी सुपं मोजणाऱ्या कमळच्या आजीसारखी दिसत होती.

"हात धुवायला पाणी घ्या," धोंडूबाई म्हणाली. "मी पन धुते. माझे पन कुठं कुठं लागतात."

साबणाची ती वडी त्या दिवशी खारबावच्या अंगणात फिरत राहिली. येणारी प्रत्येक बाई कोपरापर्यंत हात धुऊनच आत जायची, कारण दाराशी धोंडूबाई होती. पोरांनी फेसाचे फुगे उडवले. मग कमळनं नवी साडी सावरून एक एक सूप गौरीपुढे ओवाळलं. गुणाबाई तिच्या शेजारी होती.  

ओवसा झाल्यावर जेवणाची पानं मांडली जात होती. त्यांच्या गौरीला सामिष नैवेद्य असे; आत चुलीवर त्याचं तिखट कालवण रटरटत होतं. धोंडूबाई तान्ह्या नातवाला घेऊन गुणाबाईशेजारी बसली. इकडे तिकडे बघून तिनं आवाज खाली आणला.

"विहीणबाई, उद्या आमच्याकडं कवा काय झालं नि बाटली द्यायची वेळ आली, तर आमच्या ह्याला काय नाव देशील?"

गुणाबाईनं हात पुन्हा एकदा पदराला पुसले, तान्ह्याच्या पायाला बोट लावलं आणि नीट विचार केला.

"बोईट ठेवू. चपळ असतो. निवटी झाली, खरबी झाली," ती म्हणाली. "चिंबोरी मात्र आज नको."

"का?"

"आत कालवणात हाय ती."

आणि मग त्या दोघी जे हसल्या, ते खारबावच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसांनीही ऐकलं असं नवशा पुढे बरीच वर्षं सांगायचा. त्यातही थोडी अतिशयोक्ती होती. पण या वेळी हसणाऱ्या दोघी होत्या.